विंचवाची कळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण लोणची, पापड, भरतकाम यांवर कुणाला तरी बोलायला सांगतो. या वेळी माझे नाव निघाले तेव्हा मी म्हटले, मला विंचवावर बोलू द्या. काहीजणी हसल्या. एक म्हणाली, "काहून व, मंत्र शिकून आली का?" मंत्र शिकले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण विंचवाने मला दोनदा शाळेत बसवले असे म्हणा. एकदा मी दहा वर्षांची होते तेव्हा, आणि एकदा सहा वर्षांपूर्वी. त्या दोन वेळांचा मेळ मला कित्येक वर्षे लागत नव्हता. तो कसा लागला तेवढेच सांगायचे आहे.

पहिली गोष्ट माझ्या माहेरची. माहेर केळापूर तालुक्यातले. कवेलूचे घर, मागे गोठा, गोठ्याला लागून पऱ्हाटीचा ढीग. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता. उन्हाळ्यातली संध्याकाळ. तो ढिगातून काडी ओढायला गेला आणि हाताच्या बोटाला विंचू चावला. विंचू लहानसा, तांबूस. भावाने आकांत केला. वडील शेतावर होते. आईने बोट घट्ट बांधले आणि विंचू उतरवणाऱ्या बाबांना बोलावले. बाबा भले माणूस, कुणाकडून पैसा घेत नसत. त्यांनी मंत्र म्हटला, हातावरून कडूलिंबाचा डहाळा फिरवला. अर्ध्यापाऊण तासात भाऊ रडायचा थांबला. "कमी झालं का रे?" विचारले तर त्याने मान हलवली. सगळे म्हणाले, उतरला.

मला त्याच्याजवळ बसवून आई चुलीशी गेली. त्याचा सदरा घामाने ओला झाला होता. मी तो बदलला, पुन्हा ओला झाला. हातपाय गार लागत होते. मला वाटले, रडून रडून दमला आहे. आईने आतून विचारले, "काय करते पोट्टा?" मी म्हटले, "रडत नाही, झोपू दे त्याला." मग त्याला दोनदा ओकारी झाली आणि पहाटे दम लागला. बैलगाडी जुंपेपर्यंत उजाडले होते. रस्त्यातच तो गेला.

भगिनींनो, ही गोष्ट मी कधी कुणापुढे काढली नव्हती. आईनेही मला त्यावरून कधी शब्द लावला नाही. पण माझे ते वाक्य, "रडत नाही, झोपू दे त्याला," ते काही माझ्या मनातून गेले नाही.

आता दुसरी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी, इथेच मुकुटबनला. कापूस घरात आणून टाकला होता. त्या गंजीत हात घातला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला डंख बसला. हाही विंचूच, काळसर. काय ती कळ! बोटातून निघायची ती थेट काखेपर्यंत. आमच्या गल्लीत राहणाऱ्यांनी ऐकले असेलच, मी मध्यरात्रीपर्यंत ओरडत होते. बाळंतपणात मी एवढी ओरडले नव्हते. घरच्यांनी गाडीवर घालून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, घाम आहे का पाहिले, छातीला नळी लावली, आणि म्हणाल्या, "काही भीती नाही." मला राग आला. मी जिवाच्या आकांताने ओरडते आहे आणि ह्या म्हणतात भीती नाही! मग त्यांनी बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी एक इंजेक्शन दिले. पाच मिनिटांत कळ नाहीशी झाली. बोट जागेवर आहे, दिसते आहे, पण जणू माझे नव्हेच.

मी विचारले, "बाई, विष उतरवलं का?" त्या हसून म्हणाल्या, "विष आहे तिथंच आहे. मी फक्त सोडियमची दारं लावून घेतली." आणि दुसऱ्या रोग्याकडे गेल्या.

ही सोडियमची दारे माझ्या डोक्यात बसली. जी किंचाळत होती तिला भीती नाही, आणि जो निजला तो गेला, हे कसे? आमची भाची परिचारिकेचे शिक्षण घेते. सुट्टीत आली की मी तिच्यामागे लागत असे. तिने पुस्तकातून वाचावे, मी पोळ्या लाटता लाटता ऐकावे, समजले नाही तर पुन्हा वाचायला लावावे. ती कंटाळायची, पण सांगायची.

तर आधी दारे म्हणजे काय ते. आपल्या बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत बारीक तंतू असतात. त्यांना मज्जातंतू म्हणतात. आपण सरसकट 'शीर' म्हणतो, पण रक्ताची शीर वेगळी. वेदना ओळखणाऱ्या पेशीचे मुख्य अंग कण्याजवळ असते आणि तिचा धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत. म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून निघालेला एकच धागा, एकाच पेशीचा, कमरेपर्यंत लांब. मला हे ऐकून फार नवल वाटले. एवढ्या लांब धाग्यातून निरोप कसा जातो? तार ओढल्यासारखा नाही. या धाग्याच्या बाहेरच्या अंगाला खारे पाणी असते. मिठात जे सोडियम असते ते धाग्याच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहापट अधिक. धाग्याच्या भिंतीला अतिसूक्ष्म दारे असतात, त्यांतून फक्त सोडियमच आत जाऊ शकते. एरवी ती लागलेली. काही टोचले, भाजले की टोकाची दारे उघडतात, सोडियम आत घुसते, त्याबरोबर विजेचा एक बारीकसा झटका उठतो. त्या झटक्याने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या पुढची. स्लॅब टाकताना बाया रांगेने घमेले पुढे देतात ना, तसा निरोप पुढे जातो. घमेले दिले की हात मोकळा. तसे प्रत्येक दार उघडले की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आपले आपण मिटते. स्प्रिंगचेच दार म्हणा.

ठेच लागते तेव्हा पाहा. आधी एक झणझणीत कळ चटकन येते, आणि क्षणभराने मागून ती ठसठस. दोन निरोप दोन वेगवेगळ्या तंतूंतून येतात. एक जलद जातो, दुसरा अगदी सावकाश, सेकंदाला जेमतेम हातदोन हात. ती ठसठस येण्याच्या आधीच आपल्याला कळते की आता येणार. हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे, फक्त त्याचे कारण कुणी सांगितले नव्हते.

ही गोष्ट कुणी शोधली? इंग्लंडात हॉजकिन आणि हक्सली म्हणून दोघे होते. समुद्रात माकूळ म्हणून मऊ अंगाचा जीव असतो, कोकणात खातात तो. त्याचा एक मज्जातंतू साध्या डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो. त्यात बारीक तार घालून त्यांनी आतली वीज मोजली आणि १९५२ साली सोडियम आत शिरण्याचा सगळा हिशेब मांडला. त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळले की आपल्या शरीरात या दारांचे नऊ प्रकार आहेत आणि त्यांतले तीन मुख्यतः वेदनेच्या तंतूंत सापडतात. त्यांना नावे नाहीत, अंक आहेत: १.७, १.८ आणि १.९. भाचीने अंक सांगितले तेव्हा मी म्हटले, चपलांचे नंबर आहेत का ग?

यांतल्या १.७ क्रमांकाच्या दाराची एक हकीकत ऐका. पाकिस्तानच्या उत्तर भागात दहाएक वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करीत असे. दंडातून सुरी आरपार काढायची, निखाऱ्यांवरून चालायचे. त्याला वेदना म्हणून नव्हतीच. डॉक्टर त्याला तपासायला जाण्याआधीच तो मेला. वयाची चौदा वर्षे पुरी व्हायची होती, घराच्या छपरावरून उडी मारली. मग डॉक्टरांनी तिकडच्या तीन कुटुंबांतली तशीच सहा माणसे तपासली. स्पर्श कळायचा, ऊन-गार कळायचे, पण दुखणे ठाऊक नाही. लहानपणीच स्वतःचे ओठ आणि जीभ चावून घेतलेली. २००६ साली प्रसिद्ध झाले की या सर्वांत ते एक दार जन्मतःच बिनकामाचे होते. जणू भिंत घालून बुजवलेले. याच्या उलटही असते. काहींचे तेच दार जरा उबेने सताड उघडते, आणि हातापायांची अशी आग होते की बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसावे लागते. त्याचे कारण २००४ साली चीनमधल्या रोग्यांत सापडले.

आपण देवाजवळ मागतो, दुखणे देऊ नको. पण त्या मुलाच्या आईने काय मागितले असेल?

आता विंचू. विंचवाच्या विषातले काही पदार्थ नेमके या सोडियमच्या दारांवर जाऊन बसतात आणि दार मिटू देत नाहीत. उघड्या दारात पाचर ठोकल्यासारखे. मग एकच निरोप पुन्हा पुन्हा जात राहतो. टोचून तास झाला तरी आत्ताच टोचल्यासारखी कळ. माझे बोट रात्रभर का ओरडत होते ते हे. आणि डॉक्टरबाईंचे इंजेक्शन? त्याचे नाव लिग्नोकेन. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. दात काढताना हिरडीत देतात तेच. ते याच दारांना आतून कडी घालते. विष होते तिथेच होते, पण निरोप पुढे जाईना. बाई बरोबर बोलल्या होत्या. मी उगीच रागावले.

अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर आहे, तो विंचू खातो. विंचू त्याला डंख मारतो, तो जरासा पाय चाटतो आणि पुन्हा खायला लागतो. २०१३ साली कळले की त्याचे १.८ क्रमांकाचे दार असे घडलेले आहे की तेच विष त्याला उघडण्याऐवजी बंद करते. म्हणजे विषच त्याचे औषध. हे ऐकल्यावर माझ्या मुलाने दोन दिवस उंदीर मारू दिला नाही. आपले उंदीर तसे नाहीत, हे त्याला समजावता समजावता पुरेवाट झाली.

पण माझ्या भावाचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर एका आपल्याच मराठी डॉक्टरांच्या कामात मिळाले. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, आणि डॉक्टर झाले ते आपल्या नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात. १९७६ साली ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागले. तिकडे लाल विंचू फार. मुले आणि धट्टीकट्टी माणसे डोळ्यांदेखत मरत. विंचू चावून का मरतात आणि काय करावे, याला पुस्तकात उत्तर नव्हते. मग त्यांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून काय होते ते लिहून काढले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण विलायतेतल्या लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आले. एका खेड्यातल्या दवाखान्यातून.

त्यांना आढळले ते असे. लाल विंचवाचे विष फक्त बोटाच्या तंतूंत राहत नाही. रक्तातून अंगभर जाते आणि जे मज्जातंतू घाम, हृदय, रक्तवाहिन्या चालवतात त्यांच्याही दारांत पाचर ठोकते. मग शरीरात वादळ उठते. दरदरून घाम, ओकाऱ्या, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. आणि ज्याच्यासाठी मी एवढे बोलले ती गोष्ट आता सांगते. ज्यांच्या अंगात असे वादळ उठते त्यांना चावलेल्या जागी कळ बहुधा थोडीच जाणवते. रोगी सुधारू लागला की ती कळ परत येते. बोट पुन्हा दुखू लागले तर डॉक्टर खूश होतात!

भाचीने हे वाचले तेव्हा मी लाटणे खाली ठेवले. माझा भाऊ रडायचा थांबला तो मंत्राने नव्हे, बरे वाटले म्हणूनही नव्हे. विष बोट सोडून हृदयाकडे गेले होते. आणि त्याचा ओला सदरा माझ्याच हातात होता.

मग मंत्राने इतके विंचू उतरतात ते कसे? बहुतेक विंचवांची कळ काही तासांनी आपली आपणच ओसरते. मंत्र म्हटला तरी, न म्हटला तरी. शंभरांतले पुष्कळसे बरे होतात आणि बाबांचे नाव होते. त्या बाबांना मी दोष देत नाही, त्यांना ठाऊक नव्हते. त्या मंत्रात गेलेला वेळ मात्र परत येत नाही. त्या वादळाची चिन्हे पहिल्या काही तासांतच दिसू लागतात.

डॉ. बावस्करांनी यावर जो इलाज काढला तो फार साधा आहे. रक्तदाबासाठी प्राझोसिन नावाची एक गोळी असते. ती दारे मिटवत नाही, विषही मारत नाही. वादळामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात त्या ती सैल करते, म्हणजे हृदयावरचा भार उतरतो. १९८६ साली हेही लॅन्सेटमध्ये आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनीबाईही त्यांच्याबरोबर होत्या, हे आपल्या मंडळात तरी सांगायलाच हवे. पूर्वी असे गंभीर झालेल्या शंभरांतले तीसचाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आले असे ते लिहितात. पुढे मुंबईच्या हाफकिनची विंचवावरची लसही आली. २०११ साली या पतीपत्नींनी दाखवले की लस आणि गोळी दोन्ही दिली तर रोगी नुसत्या गोळीपेक्षा लवकर सावरतो. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

हिशेब केला तर माझा भाऊ गेला तेव्हा ही गोळी माहीत झालेली होती. पण आमच्या गल्लीपर्यंत ती बातमी यायची होती.

तर आता आपल्या घरी काय करायचे. आपल्याकडे पऱ्हाटी आहे, गवऱ्या आहेत, दगडांची कुंपणे आहेत, आणि उन्हाळा लागला की विंचू निघतातच. चावला तर चिरायचे नाही, चोखायचे नाही, दोरीने आवळायचे नाही. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. रंगावर फार विसंबू नका. तांबूस लहान विंचू मोठ्या काळ्यापेक्षा वाईट हे खरे, पण अंधारात रंग कुणाला दिसतो? माणूस ओरडतो आहे की नाही यावर तर मुळीच जाऊ नका. अंगावरून हात फिरवा. घाम आहे का, तळहात-तळपाय गार आहेत का, ओकारी झाली का ते पाहा. मुलगा असेल तर लघवीची जागा ताठरते, हेही एक चिन्ह आहे. लाजू नका, डॉक्टरांना सांगा, त्यांना लगेच कळते. लहान मुलाच्या बाबतीत तर यांतले काही दिसायची वाट पाहूच नका. अंग लहान, विष तेवढेच. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल तिने न्या. ती गोळी आपल्या मनाने देऊ नका. तिने रक्तदाब उतरतो आणि माणूस उठून उभा राहिला तर चक्कर येऊन पडतो, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच, निजवून द्यायची असते. मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत बसून म्हणा.

आणखी एक, जाता जाता. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत दुखण्यावरच्या एका नव्या गोळीला परवानगी मिळाली. ती फक्त १.८ क्रमांकाचे दार लावते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या थोड्या दिवसांच्या वेदनेसाठी. अफूच्या औषधांसारखी सवय लागण्याची भीती तिच्यात नाही म्हणतात. आपल्या गुडघ्यांसाठी ती नाही, त्यामुळे शेजारच्या आजींनी मला पुन्हा विचारू नये!

माझे बोलणे लांबले. शेवटी एक गंमत दाखवायची आहे. खोट्या नोटा ओळखायची जांभळ्या उजेडाची बॅटरी असते ना, तिच्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. किराणा दुकानातून मागून आणली आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हळदीकुंकू झाल्यावर थांबावे, अंधार पडला की आमच्या गोठ्यामागच्या दगडांशी जाऊ. चपला नको, बंद जोडे घाला, आणि मुलांना घरी ठेवा.